त्रेसष्टाव्या रस्त्यावरचे ‘इमान’

शिकागो हे अमेरिकेतले लोकसंख्येने तिसऱ्या क्रमांकाचे शहर. उंच इमारती, सरोवराचा किनारा, श्रीमंत बाजारपेठा हे त्याचे एक रूप. दुसरे रूप पाहायचे तर शहराच्या दक्षिण भागात जावे लागते. तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा ६३ क्रमांकाचा लांबलचक रस्ता आहे. एंगलवुड, शिकागो लॉन अशा वस्त्या त्याच्या दोन्ही अंगांना पसरल्या आहेत. फळ्या ठोकून बंद केलेली घरे, मोकळे पडलेले प्लॉट, कोपऱ्याकोपऱ्यावर उभी असलेली बेकार पोरे आणि अधूनमधून ऐकू येणारा गोळीबार, अशी या भागाची ओळख वर्तमानपत्रांतून जगाला झाली आहे.

याच रस्त्यावर एका मुस्लिम संस्थेचे कार्यालय आहे. ‘इनर-सिटी मुस्लिम ॲक्शन नेटवर्क’ हे तिचे लांब नाव. इंग्रजी आद्याक्षरे जोडली की शब्द होतो ‘इमान’. अरबी आणि उर्दूत त्याचा अर्थ श्रद्धा. मराठीत आपण तोच शब्द सचोटी आणि निष्ठेसाठी वापरतो. या संस्थेचे काम पाहिले की दोन्ही अर्थ तिला शोभतात असे वाटते. ती उभी करणाऱ्यांत अग्रभागी राहिलेले गृहस्थ म्हणजे रामी नशाशिबी. वाट चुकलेल्या आणि चुकण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणांसाठी त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे दिली. त्यांच्या कामाची ओळख करून देण्यामागे एक हेतू आहे. ‘आमची पोरे बिघडत चालली’ ही तक्रार आपल्या मोहल्ल्यांतही रोज ऐकू येते. त्या तक्रारीच्या पुढे काय करता येते, याचे एक उत्तर या माणसाच्या कामात सापडते.

मुले बिघडली की वस्ती बिघडवली गेली?

एंगलवुडमधल्या पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल बोलण्याआधी त्याची वस्ती अशी का झाली हे समजून घ्यायला हवे. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसे कामासाठी शिकागोसारख्या शहरांत आली. त्यांना काम मिळाले, पण हवे तिथे घर मिळाले नाही. नकाशावर त्यांच्या वस्त्यांभोवती लाल रेघा ओढल्या गेल्या आणि त्या रेघांच्या आत घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले की गोरी कुटुंबे घर विकून उपनगरात निघून जात. त्यांच्यामागे दुकाने, बँका आणि दवाखानेही जात.

पुढे रोजगारही गेला. शिकागोचा जगप्रसिद्ध गुरांचा बाजार १९७१ मध्ये बंद झाला. नंतरच्या दशकात पोलादाचे कारखाने एकामागून एक थंडावले. २०१३ मध्ये शहराने एका फटक्यात जवळपास पन्नास सरकारी शाळा बंद केल्या. त्यांतल्या बहुतेक अशाच वस्त्यांमधल्या होत्या. ज्या मुलाच्या रस्त्यावरची शाळा बंद, कारखाना बंद, दुकान बंद आणि बाप तुरुंगात, त्याच्यासाठी उघडे काय राहते? कोपऱ्यावरची टोळी. ती त्याला नाव देते, चार पैसे देते, पाठीशी उभे राहण्याचे वचन देते आणि एक दिवस त्याच्या हातात पिस्तूल देते.

आपण नेहमी शेवटचा प्रसंग पाहतो आणि मुलाला दोष देतो. नशाशिबी यांनी साखळी पहिल्या कडीपासून पाहिली.

वस्तीतच राहायचे

रामी नशाशिबी हे पॅलेस्टिनी वंशाचे. शिकागोतील डीपॉल विद्यापीठात शिकत असताना ते इस्लामकडे नव्याने आणि गांभीर्याने वळले. ते १९९० च्या दशकाचे दिवस होते. शिकागोत दोन प्रकारचे मुस्लिम दिसत. एक होते बाहेरच्या देशांतून आलेले अरब, हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी. त्यांतले बरेचसे डॉक्टर, इंजिनियर, व्यापारी, उपनगरांत मोठ्या घरांत राहणारे. दुसरे होते शहराच्या पोटातले कृष्णवर्णीय मुस्लिम. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी खडतर आयुष्यातून वाट काढत इस्लाम स्वीकारला होता. कलमा एक, किब्ला एक. पण ईदच्या नमाजानंतर एकमेकांच्या दारात पाऊल टाकण्याइतकीही ओळख नाही.

या दोन काठांमध्ये पूल बांधायचा या विचाराने काही विद्यार्थी आणि वस्तीतली काही माणसे एकत्र आली. १९९७ मध्ये ‘इमान’ संस्था रीतसर स्थापन झाली. सुरुवात साधी होती: मुलांचे शाळेनंतरचे वर्ग, खेळ, तरुणांना आवडेल असे संगीत आणि कला. त्याच वर्षी मार्क्वेट पार्क या बागेत त्यांनी मोठा रस्ते-महोत्सव भरवला. उपनगरातली मुस्लिम कुटुंबे आणि वस्तीतली माणसे प्रथमच एका मैदानात जेवली, बोलली, हसली. पुढे दवाखाना आला. मुस्लिम डॉक्टरांनी वेळ देऊन सुरू केलेल्या मोफत सेवेतून हळूहळू सरकारी निकषांत बसणारे आरोग्य केंद्र उभे राहिले. तिथे येणारे बहुसंख्य रुग्ण मुस्लिम नाहीत, आणि त्यांना धर्म विचारलाही जात नाही.

नशाशिबी यांनी पुढे शिकागो विद्यापीठातून समाजशास्त्रात पीएच.डी. मिळवली. प्राध्यापकी करून सुखाने राहता आले असते. पण ज्या रस्त्याबद्दल शिकायचे त्या रस्त्यावरच राहायचे, असे त्यांनी ठरवले आणि आपल्या कुटुंबासह त्याच भागात घर केले. मला त्यांच्या सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो. दर रविवारी गाडीतून येऊन खाऊ वाटणाऱ्या माणसाला मुले हात हलवतात. जो रात्रीही तिथेच असतो, त्याच्याकडे मुले अडचण घेऊन येतात.

आधी आपले दुकान

आता त्यांच्या कामातला सर्वांत अवघड भाग. गोरे दुकानदार वस्ती सोडून गेले तेव्हा त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी अरब मुस्लिमांनी घेतली. कोपऱ्यावरचे छोटे दुकान, चोवीस तास मेहनत, घरच्या माणसांचे हात. स्थलांतरित माणूस असाच उभा राहतो. पण त्या दुकानांत विकले काय जात होते? दारू, सिगारेट, लॉटरीची तिकिटे, वेफर्सची पाकिटे, गोड शीतपेये. ताजी भाजी, फळे औषधालाही नाहीत. मालक जाड बंदूकरोधक काचेमागे बसलेला, काचेतल्या फटीतून पैसे घेणारा. गिऱ्हाईक आपला शेजारी आहे असे त्याला वाटत नसे आणि दुकानदार आपला आहे असे वस्तीला वाटत नसे.

इथे एखादा सोयीस्कर पुढारी गप्प बसला असता. दुकानदार आपल्याच समाजाचे, मशिदीला आणि संस्थेला देणगी देणारे. त्यांना दुखवायचे कशाला? नशाशिबी आणि ‘इमान’च्या कार्यकर्त्यांनी मात्र हाच विषय हाती घेतला. आपल्या घरी दारूचा थेंब न चालणारा माणूस शेजाऱ्याच्या मुलाला तीच दारू विकून त्या पैशांवर आपल्या मुलांना शिकवतो, हे कोणत्या दीनमध्ये बसते, असा सरळ प्रश्न त्यांनी आपल्याच लोकांसमोर ठेवला.

पण नुसता प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. मालकांशी बसून हिशेब मांडले, ताजा भाजीपाला ठेवण्यासाठी मदत केली, वस्तीतल्या लोकांना आणि मालकांना समोरासमोर बसवले. सगळी दुकाने बदलली असे नाही. ज्याचा गल्ला दारूवर चालतो तो एका बैठकीत बदलत नाही. पण वस्तीतल्या तरुणांनी एक गोष्ट पाहिली: हे मुस्लिम आमच्या बाजूने आपल्याच माणसांशी वाद घालत आहेत. विश्वास अशा ठिकाणी जन्मतो.

सीरतच्या वाचकांना इथे ‘हिल्फुल फुजूल’ आठवेल. परगावाहून आलेल्या एका व्यापाऱ्याचे पैसे मक्केतल्या एका बड्या माणसाने बुडवले. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोक जमले आणि अन्याय झालेल्याच्या बाजूने उभे राहण्याचा करार त्यांनी केला. प्रेषित मुहम्मद (स.) त्या वेळी तरुण होते आणि त्या करारात सामील होते. नबुव्वत मिळाल्यानंतरही त्यांनी त्या कराराची आठवण आदराने काढली. लक्षात घेण्याजोगी बाब ही की पीडित परका होता आणि अन्याय करणारा आपल्याच शहराचा. न्यायाची खरी परीक्षा अशाच वेळी होते.

तुरुंगातून परतल्यावर

अमेरिकेत जितके लोक तुरुंगात आहेत, तितके जगातल्या फार थोड्या देशांत असतील. शिक्षा भोगून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याची खरी शिक्षा सुरू होते. नोकरीच्या अर्जावर गुन्ह्याबद्दलचा रकाना असतो, घरमालक भाड्याने खोली देत नाही. पंचवीस वर्षांच्या तरुणाला जुनी टोळीच काय ती दार उघडते आणि वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा गजाआड जातो.

‘इमान’ने यासाठी एक कार्यक्रम उभारला. २००८ च्या आर्थिक मंदीत कर्ज थकल्यामुळे असंख्य घरे जप्त होऊन रिकामी पडली होती. अशा पडक्या घरांत चोऱ्या होत, अमली पदार्थांचे अड्डे चालत. संस्थेने अशी काही घरे हाती घेतली. तुरुंगातून परतलेल्या तरुणांना सुतारकाम, वीजकाम, नळजोडणी, कमी वीज खाणारी घरे बांधण्याचे तंत्र शिकवले आणि त्यांच्याच हातून ती घरे नव्याने उभी केली. शिकण्याच्या काळात थोडे मानधन, राहायला जागा, मनावरच्या जखमांसाठी समुपदेशन, आणि पाठीशी अशी माणसे जी स्वतः कधीकाळी त्याच वाटेवरून परतली आहेत. पुढे हाच कार्यक्रम गोळीबाराच्या धोक्यात असलेल्या कोवळ्या तरुणांसाठीही चालवला गेला. संस्थेने अटलांटा शहरातही काम सुरू केले.

त्या भाषेकडेही लक्ष द्या. तिथे अशा तरुणाला ‘माजी कैदी’ म्हणत नाहीत, ‘परतलेला नागरिक’ म्हणतात. ज्या घराच्या पडवीत त्याने कधी काळी पुड्या विकल्या असतील, त्याच घराला तो नवी खिडकी बसवतो आणि रस्त्यावरून जाणारी म्हातारी त्याला नावाने हाक मारते. एखाद्या तरुणाचे आयुष्य बदलायला ती हाक किती मोठी असते, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

ज्याने ती वाट चालली आहे त्याचेच मूल ऐकते, ही गोष्ट शिकागोत इतरांनीही ओळखली होती. साथरोगांचे तज्ज्ञ डॉ. गॅरी स्लटकिन यांनी २००० मध्ये तिथे एक मोहीम सुरू केली. हिंसाही साथीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, म्हणून बदला घेण्याआधीच मध्ये पडून ती थांबवावी, असा त्यांचा विचार. त्यात काम करणाऱ्या अमीना मॅथ्यूज २०११ मधील ‘द इंटरप्टर्स’ या माहितीपटामुळे जगाला माहीत झाल्या. त्या शिकागोतील एका कुप्रसिद्ध टोळीप्रमुखाची मुलगी. तारुण्यात स्वतःही त्या जगात वावरलेल्या. पुढे इस्लामने त्यांचे आयुष्य बदलले. डोक्यावर हिजाब घेतलेली ही स्त्री पेटलेल्या तरुणांच्या घोळक्यात शिरते आणि तिच्या आवाजाने हात खाली येतात. मुलींना घराबाहेरच्या अशा कामात कितपत वाव द्यावा, यावर वाद घालणाऱ्यांनी हा माहितीपट अवश्य पाहावा.

दगड पडला तिथे स्मारक

५ ऑगस्ट १९६६ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी मार्क्वेट पार्कमध्ये मोर्चा नेला होता. कृष्णवर्णीयांना कुठल्याही वस्तीत घर घेता आले पाहिजे, एवढीच मागणी. चिडलेल्या गोऱ्या जमावाने दगडफेक केली आणि एक दगड डॉ. किंग यांच्या डोक्याला लागला. ते गुडघ्यावर कोसळले, उठले आणि पुढे चालू लागले.

या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ऑगस्ट २०१६ मध्ये, त्याच बागेत त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला होता ‘इमान’ने. स्मारकावरच्या फरशा घडवायला वस्तीतल्या माणसांचे हात लागले. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या स्मारकासाठी मुस्लिम संस्थेने मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू अशा सगळ्यांना एकत्र आणले. वस्तीतल्या मुलाला त्याचा इतिहास फक्त गुन्ह्यांचा नाही, धैर्याचाही आहे, हे दाखवून देणे हाही त्याला वाचवण्याचाच एक मार्ग आहे.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, नशाशिबी यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

एक दुकान गेले, एक उघडले

२०१६ मध्ये ‘होल फूड्स’ या बड्या कंपनीने ६३ व्या रस्त्यावर एंगलवुडमध्ये भव्य दुकान उघडले होते. खूप गाजावाजा झाला. आता वस्तीला ताजे अन्न मिळेल, पोरांना नोकऱ्या मिळतील. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ते दुकान बंद केले.

त्याच २०२२ साली, त्याच रस्त्यावर, ‘इमान’ने वस्तीतल्या इतर संघटनांच्या साथीने आपले छोटे किराणा व भाजीपाल्याचे दुकान सुरू केले. कोपऱ्यावरच्या दुकानदारांना जे वर्षानुवर्षे सांगितले ते स्वतः करून दाखवायचे होते: दारू नाही, सिगारेट नाही, बंदूकरोधक काच नाही, ताजी भाजी, फळे, शिजवलेले अन्न आणि काउंटरवर वस्तीतलीच माणसे. जवळच २०१३ मध्ये बंद पडलेली एक शाळा आहे. तिच्या इमारतीत तुरुंगातून परतलेल्यांसाठी घरे करायची, हाही त्याच आराखड्याचा भाग.

हे सगळे वाचून शिकागो शांत झाले असे समजू नये. २०१६ मध्ये त्या शहरात साडेसातशेहून अधिक खून झाले आणि २०२१ मध्ये हा आकडा आठशेच्या आसपास गेला. एक संस्था अख्ख्या शहराचे पाप धुऊ शकत नाही. वाचवायला घेतलेले प्रत्येक मूल वाचत नाही आणि अशा कामात जनाजाही खांद्यावर घ्यावा लागतो. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायचे, हे या कामाचे खरे स्वरूप आहे.

आपल्या मोहल्ल्यात

शिकागो आणि आपले मोहल्ले यांत फरक मोठा आहे. तिथल्यासारखी पिस्तुले इथे घरोघर नाहीत. पण साखळीच्या पहिल्या कड्या ओळखीच्या वाटतात. आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो: आठवी-नववीत एखाद्याची गैरहजेरी वाढते. आधी गॅरेजवर, मग नाक्यावर, मग गुटखा आणि ‘बटन’च्या गोळ्यांकडे, आणि एखाद्या भांडणात पोलिसांच्या वहीत नाव. त्यानंतर जमात त्याच्याकडे पाठ फिरवते. ज्यांचे बरे चालले आहे त्यांनी मोहल्ला सोडून सोसायटीत फ्लॅट घेतलेला असतो. आणि त्या मुलाला पुडी विकणारी टपरी कोणाची? कित्येकदा आपल्याच कोणाची तरी, जुम्याला पहिल्या सफेत दिसणाऱ्याची.

म्हणून पहिला धडा दुकानाचा. जुम्याच्या खुतब्यात तरुणांना नशेपासून दूर राहण्याची नसीहत होते, ती हवीच. पण विकणाऱ्याचे नाव घेण्याची वेळ आली की आवाज खाली का येतो, याचा विचार जमातीने करावा.

दुसरा धडा परतलेल्या मुलाचा. याबाबत आपला कायदा पुष्कळ दयाळू आहे आणि घराघरांत तो माहीत नाही. अल्पवयीन न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला त्याच्या हातून घडलेल्या गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता लागत नाही. सोळा वर्षांपुढच्या ज्या मुलाला अत्यंत गंभीर गुन्ह्यात प्रौढासारखे दोषी ठरवले जाते, तेवढाच अपवाद. कलम ७४ नुसार चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी अशा मुलाची नोंद उघड करायची नसते. अटकेत असलेल्या कोणालाही, आणि मुलांना व स्त्रियांना, उत्पन्न किती हे न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. नशामुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. या दोन ओळी मशिदीच्या फलकावर लिहायला खर्च येत नाही.

तिसरा धडा कामाचा. मोहल्ल्यात सुतार आहेत, वायरमन आहेत, फॅब्रिकेशनचे कारखाने आहेत. एका कारखानदाराने असा एक मुलगा जवळ घेतला, जकात-सदक्यातून त्याच्या हत्यारांची पेटी झाली आणि वर्षभर कोणीतरी त्याची विचारपूस केली, तर त्यासाठी संस्था नोंदवण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

नशाशिबी आणि त्यांच्या साथीदारांनी कामाला सुरुवात केली तेव्हा ते विद्यार्थीदशेतले तरुण होते. हाताशी पैसा नव्हता, इमारत नव्हती. शेजाऱ्याचे मूल हे आपले मूल, एवढीच समज होती आणि ती त्यांनी पंचवीस वर्षे सोडली नाही. आपल्या गल्लीतल्या ज्या एका मुलाचे नाव हे वाचताना तुमच्या मनात आले असेल, त्याच्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन यावे. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.